बिनरंगाचा रंग

टिपॉयला मला रंग द्यायचाच नव्हता. पाडलेल्या वाड्याची सागवानी चौकट जुन्या बाजारातून उचलून आणलेली. रंधा फिरल्यावर तिच्यातून अशा काही रेषा वर आल्या, की त्यांच्यावर रंग फासणं म्हणजे पापच. तेव्हा 120, 180, 220 असे चढत्या नंबराचे पॉलिश पेपर घासायचे आणि वरून काहीतरी पारदर्शक मारायचं, इतका साधा बेत होता.

"क्लिअर फिनिश द्या," मी हार्डवेअरवाल्याला म्हटलं.

"साहेब नाही आले?"

"साहेबांना खिळासुद्धा ठोकता येत नाही."

"मग मिस्त्रीला पाठवा ना ताई. काय घ्यायचं ते त्याला कळतं."

"मिस्त्री मीच आहे."

यावर त्यांनी बदला घ्यावा तसे डबे मांडायला सुरुवात केली. एनसी म्हणजे नायट्रोसेल्युलोज लॅकर, मेलामाइन, आणि पीयू म्हणजे पॉलियुरेथेन. पीयूमध्ये पाण्याचं वेगळं, थिनरचं वेगळं. त्यात पुन्हा ग्लॉसी, सेमी-ग्लॉसी, मॅट आणि डेड मॅट. लाकूड बिचारं झाड तोडलं तेव्हाच मेलेलं असतं, त्याला वर डेड मॅट कशाला? जी गोष्ट लावल्यावर दिसताच कामा नये, तिचे इतके प्रकार असतात हे मला कुणी आधी सांगितलं नव्हतं.

बरं, प्रत्येकाच्या अटी. मेलामाइन आम्लाने कडक होतं आणि वाळताना फॉर्मल्डिहाइड सोडतं. म्हणजे कांदा न चिरता घरभर रडारड. दोन डब्यांचं पीयू म्हणजे एकात मूळ माल, दुसऱ्यात हार्डनर. एकदा मिसळलं की काही तासांत संपवायचं, नाहीतर डब्यातच दगड होतो. ते संपवण्यासाठी मला टिपॉयच्या जोडीला दोन कपाटं आणि एक दिवाण बनवावा लागला असता.

मग कुणीतरी जवसाच्या तेलाचं नाव काढलं. निसर्गदत्त, सुगंधी, रेषा खुलवणारं. सासूबाई म्हणाल्या, "जवसाची चटणी करतात गं." नवऱ्याने मोबाइलवर पुढचं वाचलं. हे तेल हवेतला ऑक्सिजन घेत वाळतं आणि वाळताना तापतं. तेलाचे बोळे चुरगळून टाकले तर आपोआप पेट घेऊ शकतात. म्हणून फडकी सुटी पसरून वाळवायची.

"कुठे पसरणार?"

"बाल्कनीत."

"माझ्या शर्टांशेजारी?"

तेल बाद झालं.

शेवटी गल्लीतल्या म्हाताऱ्या पॉलिशवाल्या काकांना गाठलं. त्यांनी डब्यांकडे ढुंकूनही पाहिलं नाही. "चपडा घ्या, म्हणजे लाखेच्या पातळ पापड्या. रात्रभर स्पिरिटात भिजवा, गाळा, बोळ्याने लावा. पण पावसाळ्यात हात लावू नका." कारणही खरं आहे. स्पिरिट उडून जाताना लाकडाचा पृष्ठभाग गार पडतो, हवेतला ओलावा त्यावर बसतो आणि पॉलिश पांढुरकं दिसायला लागतं. बाहेर आषाढ कोसळत होता, म्हणून काम दिवाळीच्या आसपासपर्यंत लांबलं.

मधल्या काळात घरात लाखेवर चर्चासत्र झालं. पळस, बोर, कुसुम या झाडांवरचे किडे जो चिकट द्रव सोडतात, त्याची ही लाख. "किड्यांचं? देवघराशेजारी?" सासूबाईंनी विचारलं. मी लाखेच्या बांगड्यांची आठवण करून दिली. औषधाच्या काही गोळ्यांवरही हेच आवरण असतं, असं सांगितल्यावर त्या रात्रीच्या गोळीकडे बराच वेळ संशयाने बघत बसल्या. मला मात्र लाख पटली होती. नवा हात जुन्या थरात विरघळून एकजीव होतो. चरा पडला तर सगळं खरवडायला नको, बोळा फिरवला की झालं. पीयूवर ही मुभा नाही.

लाखेची खोड एकच. गरम कप ठेवला तर पांढरं वर्तुळ उमटतं आणि दारूने ती विरघळते.

"म्हणजे पाहुण्यांना चहा नाही," नवरा म्हणाला, "आणि मित्रांना तेही नाही. मग टिपॉय कशासाठी?"

तरी न्याय व्हावा म्हणून मी उरलेल्या फळकुटांवर लाख, पीयू आणि लॅकर असे नमुने तयार करून घरच्यांपुढे मांडले. पीयू थोडं थोडं मागून आणलं होतं. सगळ्यांनी उजेडात धरून, तिरके करून, चष्मा पुसून बघितले. एकमताने निकाल लागला की सगळे सारखेच दिसतात.

ऑक्टोबरात हवा कोरडी झाली. बोळ्याने हातावर हात चढवले, मधे मधे बारीक पेपर मारला, आणि सागवानाच्या त्या रेषा मधाच्या रंगाने आतून उजळल्या. टिपॉय दिवाणखान्यात आला तेव्हा हार्डवेअरवाल्याला मुद्दाम बोलावून दाखवावा असं वाटत होतं.

सकाळी बघते तर त्यावर सासूबाईंचा क्रोशाचा रुमाल, आणि रुमालावर मीटरने मिळतं तसलं जाड प्लास्टिक. नवरा त्यावर वाफाळता चहा ठेवून पेपर वाचत होता.

"पारदर्शक आहे हो," सासूबाई म्हणाल्या. "खालचा रुमाल कसा स्वच्छ दिसतो बघ."