गळकी बाटली आणि ५,१२७ नमुने

आमच्या कट्ट्यावरचा डिझायनर परवा हातात पाण्याची बाटली घेऊन आला आणि टेकायच्या आधीच म्हणाला, "नोकरी सोडतोय."

मागच्या महिन्यात त्याच्या बॅगेत बाटली गळली आणि लॅपटॉप कामातून गेला. तेव्हापासून गडी झाकणांच्याच मागे लागलाय. हातातली बाटली म्हणजे त्याने स्वतः बनवलेला नमुना. अर्धा फेरा दिला की खटकन बंद.

"मोठे धंदे वैतागातूनच उभे राहतात," तो म्हणाला. "ब्रिटनचा जेम्स डायसन बघा. घरचा व्हॅक्यूम क्लीनर धूळ ओढेना, म्हणून पेटला माणूस. आत धूळ साठवायची ती पिशवीच नको म्हणाला!"

हिशेब्या टपूनच होता. (हा सीए. नाव आम्हीच ठेवलंय.) "पेटला कधी?"

"१९७८-७९ च्या सुमारास."

"आणि स्वतःच्या नावाचं मशीन ब्रिटनमध्ये विकायला काढलं १९९३ मध्ये. मधे ५,१२७ नमुने. तुझा हा कितवा?"

"तिसरा."

सगळे हसलो. मास्तर मात्र हसले नाहीत. ते भौतिकशास्त्र शिकवतात, आणि आकडे असे तोंडावर फेकलेले त्यांना खपत नाहीत.

"अरे, ते ५,१२७ कशाचे होते ते तरी सांग त्याला. लाकूड कापायच्या गिरणीत भुसा हवेतून वेगळा काढायला मोठा शंकू असतो. हवा आत गरगर फिरते, जड कण कडेला फेकले जातात नि खाली पडतात. डायसनने ते पाहिलं आणि तेच घरातल्या यंत्रात बसवायला घेतलं. पण घरातली धूळ भुशापेक्षा कितीतरी बारीक. म्हणून एका वेळी एकच गोष्ट बदलायची, परत चालवून बघायचं. वैतागाने त्याला प्रश्न दिला. उत्तर भलतीकडेच सापडलं."

"आणि मोठ्या कंपन्यांनी त्याला दारातून परत पाठवलं," डिझायनर जोरात. "का? पिशव्या विकण्यात त्यांची कमाई होती. शेवटी ते मशीन जपानमध्ये विकलं गेलं!"

"तेच तर," हिशेब्या म्हणाला. "पिशव्यांना लोक दर वेळी पैसे मोजत होते. म्हणजे त्या त्रासाची किंमत आधीच ठरलेली होती. तुझ्या गळतीला आज कोण पैसे मोजतंय?"

इथे ताई मधे पडल्या. ताईंची नोकरी टायपिस्ट म्हणून सुरू झाली, त्यामुळे पुढची गोष्ट त्यांच्या हक्काची.

"बेट्टी ग्रॅहम. डॅलसमधल्या बँकेत सेक्रेटरी. इलेक्ट्रिक टाइपरायटर आले, त्यांच्या कार्बन रिबनची शाई खोडायला जावं तर कागदावर डाग. एक अक्षर चुकलं की अख्खं पान परत. ते दुःख तुम्हाला नाही कळायचं. तिने पाहिलं, रंगारी चुकलेलं खोडत नाही, वरून रंग मारतो. मग छोट्या बाटलीत पांढरा रंग नि ब्रश घेऊन जायला लागली. बरं, धंदा वगैरे डोक्यात नव्हताच. ऑफिसातल्या बाकीच्या बायका बाटली मागायला लागल्या, तेव्हा १९५६ मध्ये विकायला काढलं. स्वयंपाकघरात मुलगा आणि त्याचे मित्र बाटल्या भरायचे."

"आणि १९७९ मध्ये जिलेटने ती कंपनी ४ कोटी ७५ लाख डॉलरना घेतली," हिशेब्याने पुरवणी जोडली. हे आकडे त्याला झोपेतही येतात.

"बघा!" डिझायनर उठलाच.

"बस खाली," हिशेब्या म्हणाला. "जोसेफिन कॉक्रन ऐक. घरातली चिनी मातीची भांडी धुताना टवके उडायचे, वैतागून बाईने भांडी धुण्याचं यंत्र बनवलं. पेटंट १८८६ चं. घेतलं कुणी? हॉटेलांनी. घरांत तेवढं गरम पाणीच नव्हतं, आणि हातांनी धुणं चालून जात होतं. बाईचा वैताग घरचा, पैसे देणारा हॉटेलवाला."

मी तोवर ऐकतच होतो. खरं तर मला ही 'वैतागातून उद्योग' छापाची कौतुकं थोडी कंटाळवाणीच वाटतात, कारण वैतागून गप्प बसलेल्या लाखो लोकांची गोष्ट कुणी सांगत नाही. पण ताईंच्या बोलण्यातली एक गोष्ट डोक्यात अडकली होती: अख्खं पान परत. चूक सुधारायला फुकटचा मार्गच नव्हता.

मी विचारलं, "ज्युसेरो आठवतंय का कुणाला?"

मास्तरांना आठवत होतं. रसाचं यंत्र. आधी ६९९ डॉलरला. फळा-भाज्यांच्या तुकड्यांचं तयार पाकीट आत ठेवायचं, यंत्र दाबून रस काढणार, घासायला काही नाही. गुंतवणूकदारांनी १० कोटी डॉलरहून जास्त ओतले. २०१७ मध्ये बातमीदारांनी तेच पाकीट नुसत्या हातांनी पिळून दाखवलं. त्याच वर्षी दुकान बंद.

"म्हणजे त्यांची स्पर्धा दुसऱ्या यंत्राशी नव्हतीच," मी म्हटलं. "दोन हातांशी होती. तुझी कुणाशी आहे?"

"दुसऱ्या बाटल्यांशी."

"बॅगेच्या बाहेरच्या कप्प्याशी. लॅपटॉप भिजल्यावर तू स्वतः बाटली कुठे ठेवायला लागलास?"

तो गप्प. बॅग शेजारीच होती आणि बाहेरचा कप्पा रिकामा होता. बाटली त्याच्या हातात होती, एवढंच.

"पण बाहेरचा कप्पा नसलेली बॅग ज्यांची असते त्यांचं काय?" ताई म्हणाल्या. "माझी पर्स बघ. औषधं, कागद, फोन, सगळं एकात. मी बाटलीच नेत नाही, दिवसभर तहानलेली राहते. मला विचारलंस का कधी?"

डिझायनरने खिशातून वही काढली. हिशेब्या काहीतरी टोमणा मारणार होता, मास्तरांनी त्याच्या गुडघ्यावर हात ठेवला.

ताईंनी पर्स उघडली. "दे इकडे. आठवडाभर यात आडवी ठेवते. गळली तर सांगते."

त्याने बाटलीकडे पाहिलं, झाकण एकदा फिरवून बघितलं, आणि मग ताईंच्या हातात दिली. त्याआधी मात्र कट्ट्यामागच्या झाडाला त्यातलं सगळं पाणी ओतून आला.