हजेरी नको, हिंमत हवी!

तुम्ही अग्निशमन केंद्राचे प्रभारी आहात. रात्री दीड वाजता वर्दी येते: तासगाव रस्त्यावर बेदाण्याच्या कोल्ड स्टोरेजला आग. आता आपले किती जवान आत आहेत हे कुणालाच कळू नये, तुम्हाला तर नाहीच नाही, यासाठी काय करावं लागतं? फार काही नाही. फक्त पहिल्या मिनिटापासून करावं लागतं.

सुरुवात बिल्ल्यांपासून करा. पद्धत अशी की बीए सेट (पाठीवर हवेचा सिलिंडर, तोंडाला मुखवटा) लावून आत जाणाऱ्याने आपल्या नावाचा बिल्ला दारावरच्या माणसाकडे द्यायचा. त्याने तो बोर्डावर अडकवून शेजारी सिलिंडरचा दाब आणि आत गेल्याची वेळ लिहायची. बाहेर आल्यावर ज्याचा बिल्ला त्यानेच परत घ्यायचा. तुम्ही बिल्ले टेबलाच्या खणात रबर लावून ठेवा, 14 एप्रिलच्या प्रात्यक्षिकात ते झकास दिसतात. कुणी आग्रहच धरला, तर पंपावर उभ्या असलेल्या ड्रायव्हरसकट सगळ्यांचे बिल्ले बोर्डावर लावून टाका. बोर्ड भरलेला दिसतो, आणि आत कोण आहे हे त्यावरून काही केल्या कळत नाही.

बोर्डापाशी माणूस तर नेमूच नका. ‘इथे होज ओढायला माणसं नाहीत आणि तुम्ही पाटी धरायला लावताय?’ हे वाक्य पाठ असू द्या, ते कुठल्याही बैठकीत चालतं. नेमावाच लागला तर त्याच्याकडे गर्दी हटवणं, टॉर्च धरणं आणि नगरसेवकांचे फोन घेणं हीही कामं द्या.

हवेचा हिशेब कॅटलॉगवरून करा. सहा लिटरचा सिलिंडर 300 बारला भरला की 1800 लिटर हवा, मिनिटाला 40 लिटर धरली तर 45 मिनिटं. झालं! धुरात गुडघ्यावर रांगत होज ओढणारा माणूस मिनिटाला 60 लिटर आणि कधी त्याहूनही जास्त हवा ओढतो, असले तपशील काढू नका. हवा संपत आल्याची सेटची शिट्टी 50 ते 55 बारला वाजते आणि त्याखालची हवा हिशेबात धरायची नसते, हेही विसरा. सिलिंडर कित्येक दिवस पडून 240 बारवर आला असेल, तर शिट्टीचे 50 वजा करून 190 गुणिले सहा, भागिले साठ, म्हणजे हातात उरली 19 मिनिटं, आणि त्यातच परतीची वाटही आली. एवढी आकडेमोड रात्री दीडला कोण करतं? वेळ लिहिलीच नाही तर ती करावीही लागत नाही.

दारं मात्र जितकी सापडतील तितकी वापरा. सांगलीची गाडी लोडिंगच्या दारातून, मिरजेची मागून कॉम्प्रेसर रूमकडून (थंडाव्यासाठी वापरतात त्या विषारी अमोनियाचं नंतर बघू), आणि साखर कारखान्याचा बंब आला की त्याची माणसं ज्या दारातून धूर जास्त येतोय तिथून. कोण कुणाच्या हुकमात, ते विचारू नका. पाहुण्यांना असलं विचारणं बरं दिसत नाही.

हजेरी दर वीस मिनिटांनी, आणि छत खचलं किंवा माघारीचा हुकूम दिला की लगेच घ्यायची असते. प्रत्येक तुकडीच्या म्होरक्याने, जी माणसं दिसताहेत किंवा हाताला लागताहेत तेवढीच मोजून नावानिशी सांगायची. तुम्ही वॉकीवर एकदाच विचारा, ‘सगळे ओके?’ पहिला ‘ओके’ आला की विषय संपवा. कोल्ड स्टोरेजच्या भिंती पफ पॅनेलच्या, म्हणजे मध्ये फोम आणि दोन्ही बाजूंना पत्रा, त्यामुळे आतून वॉकीचा आवाज बाहेर पोचेलच असं नाही. तेव्हा उत्तर आलं नाही तर ‘रेंज नसेल’ म्हणा. अंगावरचा डिस्ट्रेस अलार्म अर्धा मिनिट हालचाल थांबली की कोकलतो, तो जवानांनी बंद करून ठेवला असेल तर शाबासकी द्या. कटकट वाचली.

एवढं करूनही सगळं सुरळीत चाललं असेल, तर एका जवानाने बाहेर येऊन बिल्ला न घेता चहाला जावं. बोर्डावर नाव आहे, माणूस नाही. मग त्याला शोधायला चौघे आत! अमेरिकेतल्या वूस्टरमध्ये 3 डिसेंबर 1999 रोजी खिडक्या नसलेल्या जुन्या कोल्ड स्टोरेजला आग लागली. आत दोन बेघर माणसं अडकली असावीत, असं वाटलं. ती आधीच निघून गेली होती. त्यांच्या शोधात दोन जवान धुरात वाट चुकले, त्यांना शोधायला गेलेले आणखी चार परतले नाहीत. शेवटी तिथल्या अधिकाऱ्याने दारात आडवं उभं राहून पुढच्यांना रोखलं. तुम्ही असं काही करू नका. ‘आमची पोरं घाबरत नाहीत’ हे कॅमेऱ्यासमोर म्हणायचं राहून जाईल. आणि वॉचमनला हमाल किती होते, बाहेर किती आले, हे विचारून त्याची झोपमोड कशाला?

उरला अहवाल. आत गेल्याच्या वेळेपुढे ‘सुमारे’ लिहा, बाहेर आल्याच्या वेळेपुढेही ‘सुमारे’ लिहा. दाबाचा रकाना कोरा सोडलात तरी चालेल, पण सहीशिवाय अहवाल वर जात नाही, तेवढं बघा.