नऊ वर्षांची एला आणि तिचे खिळे

‘हातानं खिळे (छपाईची शिशाची सुटी अक्षरं) जुळवण्याच्या काळात छापखान्यात फक्त पुरुषच असत. ज्यू मुलींना तर वाचायलाही शिकवत नसत. जुन्या पुस्तकात एखादीचं नाव सापडलंच, तर ते बापानं कौतुकानं घातलेलं.’ असा मजकूर सध्या जिकडेतिकडे फिरतोय. तो वाचून गप्प बसवेना.

पहिलं विधान अर्धं खरं. खिळे जुळवणारे, म्हणजे जुळारी, बहुतेक पुरुषच असत, पण सगळे नव्हेत. इटलीतल्या मांतुआत १४७० च्या दशकातच एस्तेलिना कोनात हिनं एक हिब्रू पुस्तक आपण छापल्याचं त्याच पुस्तकात नोंदवलंय.

दुसऱ्या विधानामागे तोराहच्या, म्हणजे ज्यूंच्या पवित्र ग्रंथाच्या, गुंडाळीचा घोळ असावा. हस्तलिखित गुंडाळी बाईनं लिहिलेली चालत नाही, असं तालमुद हा ज्यू धर्मनियमांचा ग्रंथ सांगतो. पण हा नियम त्या गुंडाळीचा, छापील पुस्तकाचा नव्हे. उलट, बायकांनी वाचावीत म्हणून यिडिशमध्ये, म्हणजे युरोपातल्या ज्यूंच्या रोजच्या बोलीत, पुस्तकं छापली जात.

तिसऱ्या विधानानं मात्र मला खरंच दुखावलं. कारण मला एला आठवली, सतराव्या शतकातली एक ज्यू मुलगी. तिचे वडील मोशे यांनी अ‍ॅमस्टरडॅममध्ये ज्यू धर्म स्वीकारला. पुढे हे कुटुंब हॉलंड सोडून जर्मनीत, देसाऊला आलं. तिथे १६९६ मध्ये छापलेल्या प्रार्थनापुस्तकात एलाच्या यिडिश ओळी आहेत. ती सांगते: ही अक्षरं मी माझ्या हातानं जुळवली, मी हॉलंडच्या मोशेची मुलगी, वय नऊच्या वर नाही, सहा भावंडांत एकटी मुलगी, चूक सापडली तर हे एका लहान मुलीनं जुळवलंय हे लक्षात घ्या.

चुकांची माफी कोण मागतं? ज्याच्या हातून खिळा चुकीचा बसू शकतो तो. शिशाच्या खिळ्यावर अक्षर आरशातल्यासारखं उलटं असतं. ते ओळखून एकेक उचलायचं आणि ओळीत बसवायचं. नऊ वर्षांची बोटं हे करत होती. नुसतं शोभेचं नाव असतं, तर ही माफी तिथे आलीच नसती.

एला एकटीही नव्हती. १७१० मध्ये हाल्ले गावी त्या ओळींनंतर जन्मलेल्या तिच्या धाकट्या बहिणीनं, गेलानं, अख्खं प्रार्थनापुस्तक जुळवलं. तेव्हा तिला बारावं वर्षही पुरं झालं नव्हतं. हे वाचून अभिमान वाटतो, पण पोटात तुटतंही. कारण तीच पुढे म्हणते, मला काम करावं लागतं याचं नवल करू नका, इस्राएलची नाजूक लेक (म्हणजे ज्यू समाज) फार वर्षं वनवासात, आपल्या भूमीपासून दूर, आहे.