शंका कुठे संपली यावरून ती खरी की खोटी?

गझालीवरच्या माझ्या लेखावरची तुमची प्रतिक्रिया दोनदा वाचली. ज्याची शंका अखेर अल्लाहपाशी येऊन थांबली त्या गझालीला, म्हणजे अकराव्या शतकातल्या इस्लामी पंडिताला, संशयवादी म्हणणं ही धूळफेक आहे, खरे संशयवादी आपले चार्वाक, आणि अरबी येत नसताना हा उद्योग सांगितलाय कोणी, असं तुमचं म्हणणं.

शेवटचं आधी मान्य करतो. अरबी येत नाही. दादर ते सीएसएमटी गाडीत बसून अनुवाद वाचतो. (संस्कृत न येता शंकराचार्यांवर बोलणारे आपल्यात किती, ते मोजायला नको.) कधी शेजारची गाडी हलते आणि आपलीच सुटली असं वाटतं, तेव्हा गझालीच्या आत्मकथनात नेमकं तेच चाललेलं असतं. सावली जागच्या जागी दिसते, तासाभराने पाहावं तर सरकलेली. तारा दिनाराएवढा दिसतो, गणित म्हणतं तो पृथ्वीहून मोठा. इंद्रियांना बुद्धीने खोटं पाडलं. मग बुद्धीलाही खोटं पाडणारं काही नसेल कशावरून? स्वप्नात तरी सगळं खरंच वाटतं की! जवळजवळ २ महिने हे चाललं आणि सुटका युक्तिवादाने नाही, तर देवाने छातीत टाकलेल्या प्रकाशाने झाली, असं तो स्वतःच लिहितो. युक्तिवादाने सुटलो अशी बतावणी त्याला सहज जमली असती. १६४१ साली फ्रेंच तत्त्वज्ञ देकार्तलाही शेवटी देवच लागला, तरी संशयाचा धडा आपण त्याच्यापासूनच सुरू करतो.

आता चार्वाक. धूर दिसला म्हणून आग असणारच, ही व्याप्ती (दोन गोष्टींचा कायमचा संबंध) आणलीत कुठून, असं ते विचारतात. गझाली कापूस घेतो: आग टेकली आणि कापूस जळला हे दिसतं, आगीमुळे जळला हे दिसत नाही. त्याला चमत्कारांना जागा करायची होती, कबूल. पण हेतू पकडला म्हणून प्रश्न सुटत नाही. नंतरच्या इब्न रुश्द या तत्त्वज्ञाला गझालीला उत्तर द्यायला अख्खं पुस्तक लिहावं लागलं. आणि चार्वाकांचा निदान प्रत्यक्षावर भरवसा होता, गझालीने शंकेची सुरुवातच प्रत्यक्षापासून केली.

गझालीने विज्ञान मारलं, हेही जाता जाता तुम्ही म्हणालात. ग्रहणाचं गणित धर्माच्या नावाने नाकारणारा धर्माचंच नुकसान करतो, असं त्याने लिहून ठेवलंय. इराणमधल्या मराघ्याची वेधशाळा तर १२५९ची, त्याच्या मृत्यूनंतर जवळजवळ दीडशे वर्षांची.

माझं एक वाक्य मात्र चुकलंच: ‘गझालीने तत्त्वज्ञान मोडीत काढलं.’ त्याने तत्त्वज्ञांचे २० मुद्दे तपासले, त्यांतल्या ३ मुद्द्यांवरच कुफ्रचा (धर्म नाकारल्याचा) ठपका ठेवला. तर्कशास्त्र तर त्याने ठेवूनच घेतलं. ते वाक्य आज रात्री बदलतो.