खतखत्याचा डबा

चवथीच्या दुसऱ्या दिवशी फोंड्याहून मडगावच्या मावशीकडे खतखतं, म्हणजे मिश्र भाज्यांचं कालवण, पोचवायचं काम दरवर्षी माझं. बायको दोनदा म्हणाली, "आधी गार होऊ दे." पण बस चुकेल या धास्तीनं मी उकळतं खतखतं रबरी रिंगच्या स्टीलच्या डब्यात ओतलं, झाकण दाबलं आणि निघालो.

मावशीकडे केळीची पानं मांडलेली, भात वाढलेला. मी ऐटीत झाकणाला हात घातला. झाकण ढिम्म. बघतो तर त्याचं पोट आत गेलेलं, उपाशी माणसासारखं.

"अरे, उघड ना, भात निवतोय!" मावशी.

फडकं लावून झालं, खोबरेल चोळून झालं, उलथन्याच्या दांड्यानं चारी बाजूंनी ठोकून झालं. शेवटी मावशीच्या जावयानं डबा पोटाशी धरला आणि मी झाकण ओढायला लागलो. दोघंही लाल. डबा होता तसाच.

नववीतली भाची पानावर बसल्या बसल्या म्हणाली, "मामा, बाबांचा काही उपयोग नाही. डबा खिडकीच्या गजाला बांधला असता तरी तेवढाच ओढला गेला असता. क्रिया-प्रतिक्रिया!" जावईबापूंनी डबा खाली ठेवला. सासुरवाडीत गजाच्या पंगतीला बसवल्यावर माणूस दुसरं काय करणार?

मग तिचा तास सुरू झाला. वाफेनं डब्यातली बरीच हवा बाहेर हाकलली, मी झाकण लावलं, वाटेत वाफ निवून तिचं पाणी झालं. आत दाब कमी, बाहेर मात्र नेहमीचाच, दर चौरस सेंटिमीटरला साधारण 1 किलोचा भार. झाकणाचा व्यास 20 सेंटिमीटर, म्हणजे क्षेत्रफळ 314. आतला दाब निम्म्यावर आला असेल, तरी झाकणावर दीडशे किलो बसलेत! सतराव्या शतकात जर्मनीत ओटो फॉन गेरिकेनं तांब्याचे दोन अर्धगोल जोडून आतली हवा काढली होती. दोन्हीकडून आठ-आठ घोडे जुंपले, तरी ते सुटेनात. (हेच ओझं आपल्या टाळूवरही असतं म्हणे. शरीर आतून तेवढाच दाब देतं म्हणून जाणवत नाही. मला चवथीच्या खर्चाचा तेवढा जाणवतो.)

"घोडे राहू देत, खतखतं कधी मिळेल?" मावशी.

पोरीनं परातीत कढत पाणी ओतून डबा त्यात ठेवला. पाच मिनिटं गेली. मग फुस्स! आणि तिनं एका बोटानं झाकण उचललं. तेफळांचा वास घरभर पसरला. मावशीनं चाखून पाहिलं. "तेफळं थोडी कमीच पडलीत."

निघताना मावशी म्हणाली, "रिकामा डबा परत नेऊ नये." चुलीवर मणगणं, म्हणजे हरभऱ्याच्या डाळीची खीर, रटरटत होतं. मी "मावशी, जरा गार..." म्हणेपर्यंत झाकण बसलंसुद्धा.