शिस्त प्रेक्षकाची की घराची?

नाट्यगृहात मोबाइल वाजला आणि प्रयोग थांबवावा लागला, की आपल्याकडे ठरलेला वाद सुरू होतो: मराठी प्रेक्षकाला शिस्त नाही. पाठोपाठ 'परदेशात बघा' हेही येतंच. लिस्बनमध्ये राहून हे वाचताना मला ते अजिबात पटत नाही. फादो, म्हणजे इथलं पारंपरिक शहरी गाणं, ऐकायला आलेला माणूस इथेही जेवतो, वाइन पितो, मोठमोठ्याने बोलतो. त्याला गप्प बसवते ती फादोघराची, म्हणजे जिथे जेवणासोबत हे गाणं होतं त्या जागेची, व्यवस्था.

आल्फामा किंवा मोरारिया या लिस्बनच्या जुन्या वस्त्यांच्या गल्लीतलं फादोघर म्हणजे काही मोजक्या टेबलांची खोली. गाण्याआधी दिवे मंद होतात, वाढप थांबतं, आता फादो गायला जाणार, शांत राहा, असं सांगितलं जातं. एक गायिका तीन-चार फादो गाते, साधारण पंधरा-वीस मिनिटं; ही एक फेरी. मग दिवे लागतात, ताटं फिरतात, गप्पा पुन्हा सुरू. फेरी चालू असताना आलेल्याला दाराशीच थांबवतात. सलग तीन तास गप्प राहा, असं कुणी कुणाला सांगत नाही.

आणि ही शांतता नुसती सभ्यता नव्हे, गाण्याची गरज आहे. छोट्या घरांत बहुधा माइक नसतो. साथीला पोर्तुगीज गितार, म्हणजे सहा जोड्यांत बांधलेल्या बारा तारा, आणि तालाला 'व्हिओला', म्हणजे साधी सहातारी गिटार. जोडीतली एक तार किंचित उतरली तरी सूर फाटतो, म्हणून दोन गाण्यांच्या मध्येही कान तारांवरच असतो. 'मेनोर', 'कोरीदू', 'मोरारिया' या जुन्या चाली. त्यांवर शब्द वेगवेगळे बसवतात. गायिका चाल आणि पट्टी सांगते, तालीम झालेली असेलच असं नाही. ती एखादा शब्द ताणते, श्वास घेते, तिथे गितारवाला तिच्या मागे जातो. काटा-चमचा वाजला की त्याचा हा धागा तुटतो. ठुमरीच्या साथीला बसलेल्या सारंगियाला हे वेगळं सांगायला नको.

हौशी 'फादो व्हादियू'च्या खानावळींत मात्र हे कोलमडतं. गर्दी दारात उभी, आत-बाहेर चालू, शेवटी मालकालाच 'श्श' करावं लागतं. प्रेक्षक तेच, शहर तेच.

खर्चाचंही सांगायला हवं. बऱ्याच घरांत किमान खर्चाची अट असते. टेबलावर न मागता आलेला पाव आणि ऑलिव्ह खाल्ले तर बिलात येतात, नको असतील तर हात न लावता परत करावेत. ही शांतता पैसे मोजून मिळते, हे 'परदेशात बघा' म्हणणारे सांगत नाहीत.

मग आपण काय घ्यावं? तासभराचा ख्याल पंधरा मिनिटांत कापता येणार नाही, कापूही नये. पण नाट्यगीतांच्या किंवा बैठकीच्या लावणीच्या मैफलीत चहा मध्यंतरातच फिरवणं, फेरी चालू असताना दार न उघडणं, फोटोंसाठी वेगळा वेळ ठेवणं आयोजकाच्याच हातात आहे. आपली दाद मात्र बदलू नये. कोइंब्रा या दुसऱ्या पोर्तुगीज शहराच्या फादोला टाळ्यांऐवजी घसा खाकरून पावती देण्याची रीत आहे, लिस्बनला जाणकार मध्येच 'आ, फादिश्ता!' (वा, फादो गाणारी!) म्हणतो. समेवर आलेली 'वाह' त्याच जातीची आहे. तिला गोंगाटात मोजणाऱ्या सूचना काही सभागृहांत लावतात, त्या काढाव्यात.