‘अंधांसाठी’ आणि ‘अंधांची’

तीन वर्षांपूर्वी सुट्टीत भारतात असताना बँकेनं व्हिडिओ केवायसी, म्हणजे व्हिडिओ कॉलवर ओळख पटवणं, करायला लावलं. पलीकडची मुलगी म्हणाली, “सर, डोळ्यांची उघडझाप करा.” मी जन्मांध, माझ्या पापण्या नीट हलत नाहीत. चार वेळा सांगून झाल्यावर ती म्हणाली, “घरातलं कुणी आहे का जवळ?” खातं माझं, पैसे माझे, पण मी जिवंत आहे हे पटवायला दुसरं माणूस हवं! तो अपमान अजून सलतो.

म्हणूनच ३० एप्रिल २०२५ चा सर्वोच्च न्यायालयाचा निकाल मी इथं अमेरिकेत कान देऊन ऐकला. ॲसिडहल्ल्यातून वाचलेल्या प्रज्ञा प्रसून आणि दृष्टिहीन वकील अमर जैन केवायसीच्या अशाच अटींविरुद्ध न्यायालयात गेले होते. डिजिटल सेवा वापरता येणं हा कलम २१ मधल्या जगण्याच्या हक्काचाच भाग, असं न्यायालयानं म्हटलं आणि २० निर्देश दिले.

तिकडचे मित्र म्हणतात, “तुमच्याकडे हे कधीच सुटलं असेल.” कुठलं काय! डॉलरच्या सगळ्या नोटा एकाच मापाच्या. एकची मी सरळ ठेवतो, पाचची आडवी दुमडतो, दहाची उभी. सुट्टे परत आले की कुठली नोट कितीची, हे देणाऱ्यालाच विचारायचं. हा भेदभाव आहे असं इथल्या अपील न्यायालयानं २००८ मध्ये सांगूनही पाकिटातल्या नोटा तशाच आहेत. अंधांना वाचता येतील अशा पुस्तकांसाठीचा माराकेश करारही भारतानं २०१४ मध्ये सर्वांत आधी मंजूर केला, अमेरिकेनं २०१९ मध्ये.

मग घेण्यासारखं काय? १९४० साली जेकोबस टेनब्रूक या अंध कायदेतज्ज्ञाच्या पुढाकारानं इथं नॅशनल फेडरेशन ऑफ द ब्लाइंड उभी राहिली. अंधांसाठीच्या संस्था तेव्हाही होत्या, त्यांचा कारभार बहुतेक डोळसांच्या हाती. ही अंधांची. सभेत अध्यक्ष पांढरी काठी टेकत व्यासपीठावर येतो, हात धरायला कुणी धावत नाही. आपल्याकडच्या किती कार्यक्रमांत अंध मुलं स्वागतगीत म्हणतात आणि भाषणं मात्र डोळस पाहुणे करतात!

त्या निकालातलं एक वाक्य मला म्हणूनच खटकतं. ॲप किंवा संकेतस्थळाच्या चाचणीत बँकांसारख्या संस्था अंध व्यक्तींना सामील करून घेऊ ‘शकतात’, असं त्यात आहे. माझं भांडण त्या ‘शकतात’शी आहे, तिथं ‘घेतलंच पाहिजे’ हवं. मी ज्या एनव्हीडीएवर हे ऐकत लिहितोय, तो पडद्यावरचा मजकूर वाचून दाखवणारा मोफत स्क्रीन रीडर मायकेल करन आणि जेम्स तेह या दोन अंध ऑस्ट्रेलियन तरुणांनी घडवला. केवायसीची पद्धत ठरवणाऱ्या खोलीत असा एक जण आधी बसला असता, तर उघडझापेची अट तिथल्या तिथे गळाली असती.